सहा सिलिंडर की टर्बो? दारव्ह्याच्या जिनिंगवाल्या भाऊंना उत्तर

पत्र

नमस्कार. दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) आमचं जिनिंग आहे. घरापासून जिनिंग सहा किलोमीटर, त्यातले दोन कच्चे. दिवसातून दोन-तीन फेऱ्या होतात. महिन्यातून तीन-चारदा कारंज्याहून समृद्धीला लागून नागपूर, कधी संभाजीनगर. जुनी पण चांगली गाडी घ्यायची आहे, पेट्रोलच. नागपुरात दोन पाहून आलो. एक २०११ ची बीएमडब्ल्यू ५२३आय, सहा सिलिंडर, टर्बो नाही, ८२ हजार चाललेली, भाव अगदीच कमी. दुसरी बीएमडब्ल्यूचीच २०२० ची ३३०आय, चार सिलिंडर टर्बो, ४१ हजार चाललेली. मित्र म्हणतो सहा सिलिंडर म्हणजे दगड, टर्बो आपल्या उन्हात जळून जातो. पोरगा म्हणतो टर्बोच घ्या, आणि सहा सिलिंडरचा एवढाच शौक असेल तर कर्ज काढून एम३४०आय घ्या. काय करू ते सांगा.
(एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर

भाऊ, आधी निकाल सांगतो, कारणं मग. खाली दिलेल्या तपासण्यांत पास झाली तर ३३०आय घ्या. ५२३आय सोडा. एम३४०आय उत्तम गाडी आहे, पण रोज सहा किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी नाही.

तुमचा मित्र आणि मुलगा दोघं दोन वेगळ्या गोष्टींवरून भांडताहेत. सहा ही सिलिंडरची संख्या. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबायची रीत. ५२३आय आणि एम३४०आय या दोन्ही सहा सिलिंडरच्याच, पण पहिलीला टर्बो नाही आणि दुसरीला आहे. नव्या महागड्या पेट्रोल गाड्यांत टर्बोशिवायचं सहा सिलिंडर इंजिन आता जवळपास मिळत नाही. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा आहे: पंधरा वर्षांचं, साध्या रचनेचं सहा सिलिंडर इंजिन की पाच-सहा वर्षांचं चार सिलिंडर टर्बो?

सहा सिलिंडरचं सुख खोटं नाही. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. सहा असतील तर दर १२० अंशांना एक ठोका पडतो, चार असतील तर दर १८० अंशांना. शिवाय एका रांगेतल्या सहा पिस्टनांच्या हालचाली एकमेकांचे धक्के खाऊन टाकतात. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दुप्पट वेगाची एक थरथर उरते, ती मारायला आत दोन बॅलन्स शाफ्ट फिरवावे लागतात. ३३०आयमध्ये ते आहेत. तरी सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवर हात ठेवला की दोन्ही गाड्यांतला फरक कळतो. समृद्धीवर मात्र नाही. आठव्या गिअरमध्ये १२० च्या वेगाला ३३०आयचं इंजिन अठराशे ते दोन हजार आरपीएमवर असतं, आणि तिथे टायरचा आवाजच मोठा.

ओढ मात्र नव्या चार सिलिंडरचीच जास्त. ५२३आय अडीच लिटरमधून २०४ हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटर ओढ (टॉर्क) देते. ३३०आय दोन लिटरमधून २५८ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन-मीटर, तेही १५५० आरपीएमपासून. दारव्हा-कारंजा रस्त्यावर कापसाने ओसंडणाऱ्या ट्रकच्या मागे साठच्या वेगाने अडकलात आणि समोर थोडीच जागा मोकळी झाली, तर टर्बो गाडी एखादा गिअर खाली टाकून निघून जाते. जुन्या सहा सिलिंडरला दोन-तीन गिअर खाली येऊन साडेचार-पाच हजारांपर्यंत ओरडावं लागतं. ऐकायला गोड लागतं, पण वेळ जातो.

आता उन्हाचं. टर्बोच्या गरम बाजूला एक्झॉस्टचा वायू ९०० अंशांच्या आसपास असतो. बाहेर ३० आहे की ४६, याने त्या चाकाला काही फरक पडत नाही. फरक पडतो आत येणाऱ्या हवेला. २५ अंशांची हवा ४५ ची झाली की साधारण सहा टक्के विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन तेवढी ताकद सरळ गमावतं. टर्बोवालं थोडा जास्त दाब देऊन ती भरून काढतं, पण दाबलेली हवा आणखी तापते, नॉकिंगची (पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटण्याची) भीती वाढते आणि गाडीचा संगणक ठिणगी मागे ओढतो, म्हणजे उशिरा टाकतो. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी दोन्ही गाड्या थोड्या मंदावतात, जळत कोणतीच नाही.

“टर्बो जळतो” हे ऐकीव कुठून आलं तेही सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. जुन्या गाड्यांत गरम इंजिन एकदम बंद केलं की बेअरिंगमधलं तेल तिथेच करपून काळा खर जमायचा. आता बेअरिंगभोवती पाणी फिरतं आणि गाडी बंद केल्यावरही विजेवर चालणारा पंप काही वेळ ते फिरवत राहतो. बंद गाडीतून घूं आवाज आला तर घाबरू नका. तरीही समृद्धीवरून उतरल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवा, हॉटेलपाशी थांबताना अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवा. घर ते जिनिंगच्या फेरीत याची गरज नाही.

तुमच्या गाडीचा खरा शत्रू ऊन नाही, रुई आहे. पत्रात तिचा उल्लेखही नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

गाडीच्या तोंडाशी एकामागे एक थर असतात: पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, त्याच्या मागे पंखा. टर्बो गाडीत बहुधा खालच्या बाजूला इंटरकूलरही (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) असतो. जिनिंगच्या आवारात उडणारे तंतू कंडेन्सरच्या जाळीतून आत सरकतात आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या फटीत अडकतात. समोरून टॉर्च मारली तर जाळी स्वच्छ दिसते आणि आत नमद्यासारखा थर बसलेला असतो. त्यावर पांदणीचा काळा फुफाटा बसतो, वरून पहिला पाऊस पडतो, की झालं. मग एसी गावात थंड करत नाही, हायवेवर करतो. पंखा सतत पूर्ण वेगाने ओरडतो. कूलंटचं तापमान चढावर वाढतं. लोक गॅस भरून घेतात, थर्मोस्टॅट बदलतात, आणि रोग तसाच राहतो.

साफ करायची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड हवं. वरचं प्लास्टिक कव्हर काढायचं आणि आधी कोरडी रुई व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून ओढून घ्यायची. पाणी आधी मारू नका. ओली रुई घट्ट बसते, मग निघत नाही. कोरडी निघाली की साध्या नळीने, कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूकडून पुढे पाणी सोडायचं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. वॉशिंग सेंटरवरचा प्रेशर जेट अजिबात नको, जाळीची पातळ पानं एका फटक्यात आडवी होतात. कापसाच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, दर पंधरा दिवसांनी टॉर्च घालून पाहा, आणि एप्रिल लागायच्या आत एकदा वर्कशॉपमध्ये समोरचा भाग खोलून पूर्ण सफाई करून घ्या. ३३०आयच्या ग्रिलमागे आपोआप उघडमिट करणाऱ्या पट्ट्या असतात. तंतू अडकून त्या बंदच राहिल्या तर हवाच आत जात नाही, त्यांची हालचालही तपासायला सांगा. आणि ग्रिलवर मच्छरजाळी ठोकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती हवाच अडवते.

गाडी जिनिंगमध्ये वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा, धूळ बाहेर फेकणाऱ्या पाइपापासून दूर. आणि हे आगीचं आहे म्हणून ठळक सांगतो: लांबून आलेली गरम गाडी सांडलेल्या रुईवर, पऱ्हाटीवर, वाळल्या गवतावर उभी करू नका. खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) आणि एक्झॉस्ट इतके तापलेले असतात की सुकी रुई पेट घेऊ शकते. टर्बो असो-नसो, दोन्ही गाड्यांना हे लागू. इंजिनाखालच्या प्लास्टिक पत्र्यावर साठलेली रुई प्रत्येक सर्व्हिसिंगला काढायला लावा.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज आहे की टर्बो जास्त धूळ खातो. इंजिन जेवढी ताकद देतं तेवढीच हवा घेतं. तेवढ्याच वेगाने, तेवढ्याच ओझ्याने चालवलं तर दोघांची हवा जवळपास सारखी. पण फिल्टर फाटका असेल तर टर्बोच्या पात्यांची धार धुळीने झिजते, आणि ते महाग पडतं. कच्चा रस्ता असल्याने १० हजार किलोमीटरला किंवा हंगाम संपल्यावर, जे आधी येईल तेव्हा, फिल्टर बदला. हवेच्या कॉम्प्रेसरने फुंकून परत घालू नका, कागद फाटतो. तेल लावलेले धुण्याचे फिल्टर तर नकोच, त्यांचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. फिल्टर काढल्यावर त्याच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून बघा. बोटाला काळी माती लागली तर फिल्टर नीट बसत नाही.

आता ५२३आय. तिच्या इंजिनाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. टर्बो नाही, उच्च दाबाचा पेट्रोल पंप नाही, पेट्रोल सिलिंडरमध्ये थेट न फवारता व्हॉल्वच्या आधी फवारलं जातं. त्यामुळे व्हॉल्ववर काजळी साचत नाही, जी थेट फवारणीच्या इंजिनांत साचते आणि पुढे साफ करून घ्यावी लागते. २०११ च्या आसपासच्या चार सिलिंडर टर्बोशी तुलना असती तर सल्ला उलटा दिला असता. विशेषतः २०१२ ते २०१५ दरम्यानच्या ३२०आय-३२८आयमधलं एन२० इंजिन, ज्याच्या टायमिंग चेनच्या प्लास्टिक पट्ट्या तुटायच्या. तुमची ३३०आय त्या इंजिनाची नाही, तिच्यात नंतरचं बी४८ आहे.

पण ५२३आयचं एन५२ इंजिन कितीही गुणी असलं तरी त्याचं रबर आणि प्लास्टिक पंधरा वर्षांचं आहे. वॉटर पंप बेल्टवर नाही, विजेवर चालतो, आणि लाखाच्या आसपास तो बहुधा जातो. जाताना आधी सांगत नाही. डॅशबोर्डवर थेट लाल दिवा येतो आणि गाडी तिथल्या तिथे थांबवावी लागते. ८२ हजारांवर तो बदललेला नसेल तर तुमच्या ताब्यात आल्यावर जाणार. सोबत थर्मोस्टॅटही बदलायचा. व्हॉल्व कव्हरचं आणि ऑइल फिल्टरच्या खोक्याचं गॅस्केट गळतं, तेल बेल्टवर उतरतं. ब्लॉकचा बाहेरचा भाग मॅग्नेशियमचा, म्हणून त्याला लागणारे बरेच बोल्ट ॲल्युमिनियमचे आणि एकदाच वापरायचे. गावातल्या मिस्त्रीने जुनेच बोल्ट परत कसले तर आटे गेले समजा. सहा प्लग, सहा कॉइल, सहा इंजेक्टर हा हिशेबही आहे. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षं २०२६ मध्ये भरतात, मग फिटनेस करून नोंदणी वाढवणं आलं. आणि २०११ च्या होस पाइपांना २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं नव्हतं. कमी भाव हा त्या गाडीचा पहिला हप्ता आहे. तुम्ही नागपुरात राहत असता, गाडी रविवारी काढत असता, तर घ्या म्हटलं असतं. दारव्ह्याहून ट्रकवर चढवून नागपूरच्या वर्कशॉपला दोनदा नेली की स्वस्ताई संपली.

मायलेजचाही अंदाज घ्या. ३३०आय शंभरच्या स्थिर वेगाला साधारण १३ ते १५ देते, गावातल्या छोट्या फेऱ्यांत ८-९. ५२३आय हायवेला १०-११, गावात ६-७.

३३०आय घेताना पाहायचं ते असं. गाडी सकाळी थंड इंजिनावर सुरू होताना ऐका. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चेनचा खडखडाट नको. मग पाच-सात मिनिटं नुसती चालू ठेवून एकदा ॲक्सिलरेटर दाबा. मागून निळा धूर आला तर तेल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा व्हॉल्वच्या. या गाडीला तेल मोजायची पट्टी नाही, पातळी स्क्रीनवर दिसते. गरम इंजिन आणि सपाट जागा, तेव्हाच मोजा. कूलंटच्या टाकीच्या आणि होसच्या जोडांवर वाळलेला पांढरट-रंगीत थर दिसला तर गळती आहे. चार सिलिंडर टर्बोमध्ये कूलंटची गळती ही तेलाच्या गळतीपेक्षा जास्त बारकाईने शोधायची गोष्ट आहे.

मग दुपारी दोनला परत जा. एसी पूर्ण लावून गाडी उन्हात वीस मिनिटं उभी चालू ठेवा, स्कॅनर लावून कूलंटचं तापमान बघा. ते वर-खाली होत स्थिर राहिलं पाहिजे, चढत राहता कामा नये. स्कॅनरवर आणखी दोन आकडे पाहून घ्या. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलची मात्रा किती कमी-जास्त करतोय तो आकडा) शून्याच्या पाच टक्के इकडे-तिकडे चालतो, दहाच्या पुढे गेला तर कुठेतरी हवा गळतेय किंवा इंजिनाला पेट्रोल बरोबर पोचत नाही. आणि जोरात चालवताना मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट जवळजवळ असले पाहिजेत. मिळालेला सतत कमी असेल तर पाइप सुटलाय, इंटरकूलर फुटलाय किंवा टर्बो थकलाय. शक्य असेल तर टर्बो ते इंटरकूलरचा पाइप उघडून पाहा. आत तेलाचा पातळ ओलावा चालतो, साचलेलं तेल नाही. चॅसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधला सर्व्हिसचा इतिहास काढा. ४१ हजार हा आकडा तिथल्या नोंदींशी जुळला पाहिजे, आणि दोन तेलबदलांमध्ये दोन वर्षांचं अंतर असेल तर भाव खाली आणायला तेवढं कारण पुरे.

घेतल्यावर तेल दर ८ ते १० हजारांना किंवा वर्षाला बदला. स्क्रीन आणखी लांबचा आकडा दाखवेल, तो तुमच्या वापरासाठी नाही. सहा किलोमीटरमध्ये इंजिन तापायच्या आत बंद होतं. थेट फवारणीचं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल गरम न झाल्याने उडून जात नाही, तेल पातळ होत जातं. महिन्यातल्या नागपूरच्या फेऱ्या हे बऱ्यापैकी वाळवतात, म्हणून त्या टाळू नका. या इंजिनात सव्वापाच लिटर तेल बसतं, आणि डब्यावर बीएमडब्ल्यू लाँगलाइफची मान्यता, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमांकाची, लिहिलेली हवी. नुसतं “फुल सिंथेटिक” पुरत नाही. टॉप-अपसाठी एक लिटर डिकीत ठेवा, तालुक्याला ते तेल मिळेलच असं नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर साध्या पेट्रोलवर इंजिन बिघडत नाही, नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो आणि ओढ-मायलेज थोडं उतरतं. नागपुरात किंवा यवतमाळात ९५ च्या वरचं ऑक्टेन मिळालं तर टाकी तिथे भरा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. इथेनॉलची मर्यादा किती ते टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, सौदा करायच्या आधी वाचा. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि रिकामी टाकी म्हणजे जास्त हवा.

डिझेल टाळलंत ते बरोबर. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) तापून साफ होत नाही, तुंबतो.

एम३४०आयचं तीन लिटर बी५८ हे चालवायला या तिघांतलं सर्वांत सुंदर इंजिन, ५०० न्यूटन-मीटर, आणि टिकाऊ म्हणूनही नावाजलेलं. पण साडेसहा लिटर तेल आणि तेवढं पाणी तापायला आणखी वेळ लागतो, म्हणजे तुमच्या छोट्या फेऱ्यांत ते जवळपास नेहमीच थंड चालणार. रुंद, कमी उंचीचे टायर कच्च्या रस्त्यावर कापले जातात. समृद्धीवर वेगमर्यादा १२० आहे, तिथे ३३०आयचीच अर्धी ताकद पडून राहते. मुलाला हवीच असेल तर त्याच्या नोकरीच्या पैशांनी, आणि तो पुण्याला राहत असेल तर.

एक शेवटचं, इंजिनाबाहेरचं. या गाड्यांना बहुधा रन-फ्लॅट टायर असतात, स्टेपनी असेलच असं नाही. पंक्चर झाल्यावर ते साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जातात. कारंज्याहून नागपूर त्याच्या साधारण दुप्पट आहे. म्हणून पातळ स्टेपनी, जॅक आणि हवा भरायचा छोटा पंप आधी डिकीत टाका. २०२० चे मूळ टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, समृद्धीच्या काँक्रीटवर मे महिन्यात त्यांवर जाऊ नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २०२० ची तारीख दिसली तर नव्या चार टायरांचे पैसे सौद्यातच वजा करून मागा.